गाळलेले ठिपके

परीक्षेच्या दृष्टीने 'सहसंबंध' हा प्रश्न गुणांची हमी देणारा समजला जातो. दोन रकान्यांतले आकडे कार्ल पिअर्सन यांच्या सूत्रात घालावेत आणि उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचे उत्तर लिहून मोकळे व्हावे. वास्तविक त्याआधी त्या आकड्यांचे ठिपके चौकटीच्या कागदावर टाकून ते न्याहाळावयाचे असतात. हा विकीर्ण आलेख अमेरिकेतील शाळांत बीजगणिताच्या तासालाच शिकवितात. आपल्याकडे तो अकरावीच्या अर्थशास्त्रात भेटतो, आणि भेटताक्षणीच निरोप घेतो. सूत्राकडे जाण्यापूर्वीचा एक सोपस्कार, एवढेच त्याचे स्थान उरले आहे. ही हानी लहान नाही, असे आम्हांस वाटते.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य मुले घोकतात. आपल्या किनाऱ्यावर त्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ज्येष्ठ-आषाढात छत्र्यांचा खप वाढतो आणि मासळीही कडाडते. म्हणून छत्र्यांनी बांगडा महाग केला, असे मडगावच्या बाजारात कोणी म्हणणार नाही. दोहोंमागे पाऊस आहे. त्याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदीही असते. इतके आपल्या मुलांना शाळेत न जाताही कळते.

कळत नाही ते निराळेच: जे ठिपके कागदावर आलेच नाहीत, त्यांचे काय? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी भंगले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीत ताठरते, या भयापोटी आदल्या रात्री अभियंत्यांनी उड्डाणास विरोध केला होता. त्या वेळी तपमानाशी तुलना झाली ती केवळ कडीला इजा पोहोचलेल्या उड्डाणांची. त्यात ५३ अंश फॅरनहाइटला इजा दिसत होती, तशी ७५ अंशांनाही. मग थंडीचा संबंध सिद्ध कोठे होतो, असा युक्तिवाद वरिष्ठांना करता आला. पुढे चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही आलेखावर मांडली, तेव्हा चित्र पालटले. ६६ अंश वा अधिक तपमानाच्या वीस उड्डाणांपैकी केवळ तिनांत इजा होती. ६३ अंश वा कमी तपमानाच्या चारही उड्डाणांत ती होती. चॅलेंजरच्या सकाळी तर पारा गोठणबिंदूच्या आसपास होता. निर्विघ्न पार पडलेल्या उड्डाणांकडून काय शिकावयाचे, असे समजून जे ठिपके गाळले गेले, इशारा त्यांच्यातच दडलेला होता.

आपल्याकडे हीच चूक दररोज, आणि बहुधा जाणूनबुजून, होत असते. खासगी शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात. तेच शुल्क भरून मागे राहिलेल्यांचा ठिपका कोठेच नसतो. अमुक काढ्याने गुण आलेले रुग्ण पुढे येऊन बोलतात, न आलेले घरी बसतात. (या जाहिराती वृत्तपत्रेच छापतात, आणि त्या दोषातून आम्हीही मुक्त नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.) पालक कर्ज काढून शुल्क भरतात ते अशाच अर्ध्या आलेखाच्या भरवशावर.

म्हणून प्रश्नपत्रिकेत 'गुणांक काढा' याबरोबरच 'या आलेखात कोणाची नोंद नाही?' असाही एक प्रश्न असावा, अशी आमची सूचना आहे. त्याची तालीम सूत्राने होणार नाही. शिक्षकांनी मुलांना दर आठवड्यास बाजारात धाडावे, आवक आणि भाव टिपून घ्यावेत आणि वर्षाअखेरीस बावन्न ठिपके कागदावर टाकावेत. श्रावणात अनेक घरे मासळी वर्ज्य करतात. तेव्हाचे ठिपके इतरांच्या रांगेत बसणार नाहीत. ते गैरसोयीचे म्हणून खोडून टाकावेसे वाटतील, आणि गुरुजींचे खरे काम तेथूनच सुरू होईल.