मोटरचं बिल माफ, पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

हुडकेश्वर : रात्री लाईन आली की मोटर चालू करायची, दांड फोडून द्यायचा अन् झोपायला जायचं. सकाळपर्यंत वावर भिजतं, धुऱ्यावरून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत जातं. ओलिताच्या गावांना हे काही नवीन नाही. आता तर साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल 2024 पासून सरकार भरतं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरंच. पण मोटर किती वेळ चालली, हे पाहायला लावणारं एकमेव कारणही त्यासोबत गेलं.

हुडकेश्वरची गोष्ट आणखी वेगळी. 2013 मध्ये हुडकेश्वर-नरसाळा नागपूर महापालिकेत गेलं, वावरांचे लेआऊट झाले. घराघरातले बोअर आणि उरलेल्या शेतांच्या विहिरी जमिनीखालच्या एकाच पाण्यावर जगतात. कालव्याचा भरवसाही पक्का नाही. शहर ज्या पेंच प्रकल्पाचं पाणी पितं, तोच प्रकल्प शेतीलाही पाणी देतो. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं. 2019 च्या जुलैत तोतलाडोह आटलं, तेव्हा नागपुरात नळ दिवसाआड आले. अशा वेळी पिण्याचं पाणी आधी, शेतीचं मागून.

मग हातात काय उरतं? मोजणं. त्याला यंत्र लागत नाही. 200 लिटरचा ड्रम मोटरच्या धारेखाली ठेवा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. 40 सेकंदांत भरला तर तासाला 18 हजार लिटर, दहा तासांत 1 लाख 80 हजार. एकरभर वावरात एक इंच पाणी म्हणजे साधारण 1 लाख लिटर. म्हणजे दहा तासांत एक एकर भिजला तर पावणेदोन इंच पाणी बसलं. अर्धाच एकर भिजला तर साडेतीन इंच. गहू एवढं सहन करेल, पण काळ्या जमिनीतला हरभरा पिवळा पडतो. पाणीही गेलं, पीकही गेलं.

ठिबक-तुषारला राज्यात अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान आहे, अर्ज महाडीबीटीवर. पण ठिबक लावूनही मोटर रात्रभर चालू ठेवली तर फरक काय पडणार?

हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं, ओलितासाठी बोअर घेऊ देत नाही. आपल्याच जिल्ह्यात काटोल-नरखेडच्या गावांत अटल भूजल योजनेतून असे ताळेबंद झाले. तिथं ग्रामसभा आहे. हुडकेश्वरमध्ये आता ग्रामपंचायतच नाही. महापालिका नळ पाहते, कृषी विभाग पीक पाहतो. विहिरीची पातळी पाहणारं कोणी नाही. तोवर शेतकऱ्यांनीच ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये दोराला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोजावं, आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पुढच्या रब्बीत गहू किती एकर पेरायचा, हे त्या दोन आकड्यांवरूनच ठरवता येईल.