केबिन फिल्टर : पारखून घ्यावी अशी वस्तू

कापडाचा पोत आणि धान्याचा दाणा पारखणारी आपली व्यापारी दृष्टी गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल पाहताना मात्र सैल पडते. त्यातील केबिन एअर फिल्टर ही वस्तू लहान. परंतु मुले व वृद्ध आईवडील गाडीत जी हवा श्वासावाटे घेतात, ती याच चाळणीतून येते.

इंजिनाचा फिल्टर निराळा. केबिनचा बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो साधारणतः वर्षाने अथवा १५ ते २० हजार किलोमीटरनंतर बदलतात. धुळीच्या रस्त्यांवर त्याहून लवकर. आपल्या गाडीचे नेमके अंतर तिच्या पुस्तिकेत पाहावे.

साधा पांढरा फिल्टर धूळ व परागकण अडवतो. करड्या-काळ्या रंगाचा सक्रिय कार्बनचा फिल्टर दुर्गंध व काही वायूही शोषतो. वाहनांच्या गर्दीत नित्य फिरणाऱ्यांनी हा घ्यावा. माप तंतोतंत हवे; कडेला फट राहिल्यास हवा न गाळताच आत शिरते. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असल्यास त्याप्रमाणेच तो बसवावा.

हवेच्या झोताने झाडून जुनाच फिल्टर पुन्हा बसवू देऊ नये. त्याने तंतूंना इजा होते. गाडी देण्यापूर्वी फिल्टरच्या कडेवर पेनाने खूण करावी व काढलेला फिल्टर मागून घ्यावा. दुसऱ्याच गाडीचा काळवंडलेला फिल्टर पुढे केल्यास ती खूण ते उघड करील. नव्यावर तारीख लिहून घ्यावी. बिलातील नोंद, हातातील जुना फिल्टर आणि बसवलेला नवा, या तिन्हींचा मेळ बसल्यावरच रक्कम चुकती करावी.