पाचोळा आणि पर्वतेश्वराची ज्वारी

फेब्रुवारी उजाडला की रविवारच्या पुरवण्यांत एक लेख ठरलेला असतो. 'वसंत आला, बाग सजवा.' सोबत पेट्युनियाच्या कुंड्यांचे रंगीत छायाचित्र. वाफे खणा, बिया पेरा, नवी रोपे आणा, वाळलेली पाने झाडून परिसर स्वच्छ करा, असा एकंदर सल्ला. लेख वाईट नसतो, फक्त तो आपला नसतो. बर्फ पडणाऱ्या देशात हिवाळा संपतो तेव्हा गोठलेली जमीन मोकळी होते आणि उगवण्याचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे हिवाळा संपल्यावर काय येते? मार्च, एप्रिल आणि मे. मग बाग सजवायची ती नेमकी कुणासाठी?

हा प्रश्न मला गोव्यात बसून कधी पडला नव्हता. तो पडला बिदरमध्ये.

माझी मावसबहीण लग्न होऊन बिदरला गेली. माहेर फोंड्याकडचे. लहानपण कुळागरात गेलेले. माडा-पोफळींच्या सावलीत, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसणारी ही मुलगी. बिदरला पोचल्यावर तिने पहिल्याच पत्रात लिहिले होते, "इथे आपल्यासारखी तांबडी माती आहे आणि घरे चिऱ्यांची!" ते खरेच आहे. बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलेले आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर. किल्ल्याच्या भिंतींतही जांभा आहे. शहर सोडून भालकी, औरादकडे किंवा खाली कलबुर्गीकडे निघाले की काळी कसदार जमीन सुरू होते, पण गावात मात्र अगदी फोंड्यात आल्यासारखे वाटते.

त्या मातीने तिला फसवले. माती सारखी असली तरी पाऊस सारखा नव्हता. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बिदरला आठ-नऊशे. पहिल्याच फेब्रुवारीत तिने हौसेने परसू तयार केले. एका रोपवाटिकेतून फुलझाडे आणली, वाफे खणून मोकळे केले, कडुनिंबाचा आणि पिंपळाचा खाली पडलेला पाचोळा गोळा करून कोपऱ्यात पेटवला. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी बघत होत्या. भालकीकडच्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दखनी उर्दू दोन्हीकडे. त्या म्हणाल्या, "ताई, हे काय करलालाव? उन्हाळ्याचं पांघरूण जाळलालाव की!"

तेव्हा तिला हसू आले होते. होळीपर्यंत फुलझाडे माना टाकून मोकळी झाली. मे महिन्यात, चाळिशीच्या उन्हात, माहेरहून नेलेली अनंताची फांदीही गेली. अनंत गेल्याचे तिने मला फोनवर सांगितले तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. झाड गेल्याचे दुःख बाहेरून क्षुल्लक वाटते. माहेरची फांदी ज्यांनी परक्या गावात लावून पाहिली आहे, त्यांना ते समजेल.

दुसऱ्या वर्षीपासून तिने आजींना गुरू केले. मी दोन-तीनदा तिथे माघ-फाल्गुनात जाऊन राहिलो आणि तिकडची बाग कशी तयार करतात ते पाहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या मुलखात हिवाळा सरताना बागेची जी कामे चालतात ती वसंतासाठी नसतातच. ती असतात तहानेसाठी. आणि कामे तीनच. कापायचे, तोडायचे आणि झाकायचे. तोडायचे म्हणजे पाणी.

मोगऱ्याचेच बघा. थंडीत त्याचे पाणी तोडतात. पाने गळू देतात, फांद्या छाटून झुडूप बुटके करतात, बुंध्याभोवतीची माती हलकेच खणून मुळांना थोडे ऊन दाखवतात. आपल्याला वाटावे, मेला बिचारा. मग जानेवारीअखेर, फेब्रुवारीत शेणखत घालून पाणी सुरू करायचे. मार्चपासून उन्हाळाभर ते झुडूप फुलते. लिंबाला आणि डाळिंबालाही असाच 'ताण' देतात. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, काळ्या भारी जमिनीत पाच-सहा. त्यानंतर पाणी दिले की आंब्याच्या मोहोराच्या सुमारास तीही फुलावर येतात, म्हणून त्याला 'आंबे बहार' म्हणायचे. स्वतः आंब्याला मात्र मोहोर असताना पाणी द्यायचे नाही. फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत धीर धरायचा, नाहीतर झाड मोहोर सोडून पालवीच्या मागे लागते.

पेरणी अजिबात नसते असे नाही. भेंडी, गवार, काकडी, दोडका ही उन्हाळी भाजी याच दिवसांत लावतात. पण किती? घागरभर पाण्यात भागेल इतकीच. आधी पाणी मोजायचे, मग बी मोजायचे.

आता झाकणे. काळ्या जमिनीला फेब्रुवारीत भेगा पडू लागतात. पाऊल आत जाईल एवढ्या. भेग पडली की खालची ओल उडून जाते आणि बारीक मुळे तटातट तुटतात. म्हणून शेतात कोळपे चालवून वरची माती भुसभुशीत करायची आणि भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे तिकडचे शेतकरी म्हणतात. परसात हेच काम खुरप्याने होते. त्यावर पाचोळा, तुरीचे भुसकट, ज्वारीची धाटे, जे हाताला लागेल ते पसरायचे. कलबुर्गी म्हणजे तुरीचा जिल्हा. तिथल्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तूर झोडून झाली की तुऱ्हाट्यांचे ढीग उरतात. त्या उभ्या रोवून आजी पश्चिमेच्या उन्हाला आडोसा करतात आणि दोडक्याचे वेल त्याच आडोशावर चढतात. शेताचे उरलेसुरले असे बागेत येते.

शेत आणि परसू तिथे वेगळे नाहीतच मुळी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला त्या सगळ्या पट्ट्यात 'येळवस' असते, आपण वेळ अमावस्या म्हणू. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये, एळ्ळ म्हणजे तीळ. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी अशी सगळी घरे त्या दिवशी शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, भाकरी, आंबील आणि शेतातल्या झाडून सगळ्या हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी. 1956 साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे मुंबई राज्यात आले, भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे म्हैसूर राज्यात गेले. येळवशीने ती रेघ कधी मानली नाही. जमीन भरलेली आहे तोवर तिचे कौतुक करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या टंचाईचा हिशेब मांडायला घ्यायचा, असा तो सण आहे. आपल्याकडच्या 'वसंत आला' लेखांत हा हिशेब नसतो.

या मुलखाची आणि गोव्याची सर्वांत जुनी ओळख गाणगापूरची. भीमा-अमरजेच्या संगमावरचे हे दत्तस्थान कलबुर्गी जिल्ह्यात आहे आणि गोव्यातून तिथे वर्षानुवर्षे माणसे जातात. गुरुचरित्राची पारायणे आपल्याकडे घरोघर होतात. हा ग्रंथ लिहिणारे सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्या वंशातले आणि सायंदेवांचे गाव कडगंची, तेही याच जिल्ह्यात. आपली भाषा मराठी नाही, असे ते आरंभीच नम्रपणे सांगतात आणि मग हजारो मराठी ओव्या लिहून जातात! त्यातल्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातला पर्वतेश्वर नावाचा शेतकरी तुम्हाला आठवत असेल. त्याच्या शेतात ज्वारी उभी आहे, अजून पिकलेली नाही. श्रीगुरू सांगतात, मी संगमावरून परत येईपर्यंत हे पीक कापून टाक. बायकामुले रडतात, गाव वेड्यात काढते, पण तो वीतभर खोड ठेवून सगळे पीक कापतो. पुढे अवकाळी पाऊस येतो, गावची पिके जातात आणि याच्या कापलेल्या खोडांना फुटवे येऊन कितीतरी पटींनी धान्य होते.

ही कथा भक्तीची आहे, आणि तिचा महिमा कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या भूमीत ती लिहिली गेली त्या भूमीतल्या शेतकऱ्याला ती ऐकताना आणखीही काही ऐकू येत असणार. कापलेल्या ज्वारीला खाली ओल असेल तर फुटवे येतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. चाळिसाव्या अध्यायात नरहरी वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला संगमावर पाणी घालत बसतो आणि लोक हसतात. हसणारे लोक दोन्ही कथांत आहेत. पाणी तोडलेला मोगरा पाहून मीही हसलोच होतो.

पाण्याचा हा हिशेब राजेरजवाड्यांनाही चुकला नाही. बहमनी राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बिदरला आली. पठारावर नदी नाही. मग इराणातली करेझ पद्धत तिथे आली. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाऊस खाली मुरतो आणि तळाच्या कठीण काळ्या दगडावर अडतो. तिथवर विहीर खणायची, तिथून अगदी मंद उताराचा बोगदा काढायचा आणि हवा-उजेडासाठी, गाळ काढण्यासाठी मध्ये मध्ये उभ्या विहिरी ठेवायच्या. पाणी सावलीतून चालत गावात येते, उन्हाला दिसत नाही. किल्ल्यातल्या सोळा खांब मशिदीसमोरच्या लालबागेत उभे राहिले की 'बाग' हा शब्दच मुळात फारसी आहे हे आठवते. इराणातली बाग म्हणजे उन्हापासून राखून ठेवलेला थोडा ओलावा. याच बिदरचा वजीर, गिलानहून आलेला महमूद गावान. त्याचा मदरसा 1472 सालचा, आणि गोवा त्याने विजयनगरकडून घेतला तोही त्याच साली. असा आपला बिदरशी संबंध जुना आहे. नौबादच्या करेझमधला गाळ काढण्याचे काम अलीकडे, 2015 च्या सुमारास, हाती घेतले गेले. मधल्या काळात तो पाण्याचा रस्ता बुजला होता, आणि वर नळ आणि बोअरवेल आल्यामुळे कुणाचे काही अडले नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यात माघ-फाल्गुनात सकाळी फिरायला निघा. दर चार घरांआड धूर दिसेल. फणसाची, आंब्याची, काजूची पाने झाडून पेटवलेली असतात. आम्हाला ती स्वच्छता वाटते. 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली, साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवला. धूर मात्र आहे तिथे आहे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, आग विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. परसातली प्रत्येक जाळी डोंगरापर्यंत जाते असे मी म्हणत नाही. पण वाळलेल्या महिन्यात काडी ओढण्याची आमची सवय तीच आहे, हे तर खरे?

पाचोळा ठेवला तर साप-विंचू येतात, वाळवी लागते, असे लोक सांगतात. ही भीती खोटी नाही. पण ती ढिगाची आहे, थराची नव्हे. चार बोटे जाडीचा थर आळ्यात पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, उंबरठ्याशी नको, आणि उरलेला खड्ड्यात घालून वर शेण-माती टाका. पावसाळ्यापर्यंत त्याचे बरेचसे खत होते. आपल्या आज्या कुळागरात पोफळीची झावळे, केळीची सोपटे आळ्यात टाकत होत्याच की! त्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. आम्ही मात्र विसरलो, कारण आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर आहेत. तरीही मे महिन्यात दारात टँकर उभा राहतो तेव्हा आम्ही चकित होतो! आठ-नऊशेत भागवणारे बिदरकर पाने जपतात आणि तीन हजारवाले आम्ही जाळतो. श्रीमंताच्या मुलासारखे झाले आहे आमचे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की यंदा 'वसंत आला' वाचून रोपवाटिकेकडे धावू नका. मोगरा छाटा. लिंबाचे पाणी महिनाभर तोडून बघा. एक जुने मडके तळाला बारीक भोक पाडून, त्यात वात घालून रोपाशेजारी पुरा. विहिरीचे पाणी मोजा. आणि पाचोळा राहू द्या. होळीसाठी त्यातला ओंजळभर घ्या, देवाची ना नाही.

मावसबहिणीने तीन वर्षांपूर्वी पुन्हा अनंत लावला. आईच्याच झाडाची फांदी, बसमधून ओल्या फडक्यात गुंडाळून नेलेली. या खेपेस त्याला पश्चिमेला तुऱ्हाट्यांचा आडोसा आहे, मुळाशी निंबाच्या पानांचा थर आहे. आजी आता नाहीत. पाडव्याला, म्हणजे तिथल्या उगादीला, कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवून तिने फोन केला होता. अनंत जगलाय, म्हणाली. फूल अजून आलेले नाही.

येईल. घाई नाही.