आग कारखान्याची, नोंद मात्र आपल्या घरावर

मे 2022 मध्ये पावणे एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्याला भीषण आग लागली. त्यानंतरही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगीच्या बातम्या काही थांबलेल्या नाहीत. बातमीचा साचा ठरलेला असतो. किती बंब आले, किती तासांनी आग आटोक्यात आली, धूर कुठपर्यंत दिसला. शेजारच्या घरांच्या भिंती तडकल्या का, पत्रे उडाले का, पाण्याच्या टाक्या वितळल्या का, हे सहसा छापून येत नाही. आणि त्या घरांचा विमा होता का, असेल तर पुढच्या वर्षी तो त्याच हप्त्यात मिळाला का, हा प्रश्न तर आपल्या बैठकांतही कोणी विचारत नाही. गेल्या काही महिन्यांपासून आम्ही तो विचारायला लागलो आहोत.

निमित्त साधे होते. कोपरखैरणे-पावणे भागातील काही कुटुंबांना घराच्या विम्याचे अर्ज भरून द्यायला आम्ही बसलो होतो. माथाडी कामगारांची मुले, कंपनीत कायम झालेले एक-दोन जण, बँकेचे कर्ज काढून घर घेतलेली एक नर्स. नाव, पत्ता, बांधकामाचे क्षेत्रफळ इथपर्यंत सगळे सुरळीत. मग एक प्रश्न आला: गेल्या काही वर्षांत या मालमत्तेसाठी क्लेम केला आहे का? त्याच्याच खाली: यापूर्वी एखाद्या विमा कंपनीने विमा नाकारला आहे का? खोलीत शांतता पसरली. एका ताईने विचारले, "खरे लिहिले तर देणार नाहीत का?" दुसऱ्याने लगेच सल्ला दिला, "नाही असे लिहून टाका, त्यांना कुठे कळते?"

हा सल्ला चुकीचा आहे. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. माहिती लपवली हे नंतर उघड झाले तर ऐन गरजेच्या वेळी क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळते. आणि "त्यांना कुठे कळते" हेही आता खरे राहिलेले नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 2009 मध्ये विमा माहिती ब्युरो उभा केला, त्याचे कार्यालय हैदराबादला आहे. विमा कंपन्या आपल्या पॉलिसींची आणि क्लेमची माहिती या ब्युरोकडे देतात. वाहनाच्या विम्यात आपल्याला याची सवय आहे. क्लेम न करणाऱ्याला 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो, एक क्लेम केला की ती शिडी खाली येते. घराच्या विम्यात अशी उघड, छापील शिडी नाही. तिथे मागचा क्लेम पाहून हप्ता किती वाढवायचा, पाहणी करायची की नाही, विमा द्यायचा की नाही, हे कंपनी आपल्या पातळीवर ठरवते आणि कशावरून ठरवले ते सहसा सांगत नाही.

1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आली. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल असे बरेच काही त्यात आहे. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये, इतके घरातले सामान आपोआप धरले जाते. शब्द सगळ्या कंपन्यांचे सारखे. हप्त्याचा दर मात्र ज्याचा त्याचा. म्हणजे पॉलिसीत काय मिळेल हे नियामकाने ठरवले, ती आपल्याला किती रुपयांत मिळेल हे कंपनीवर सोडले. नोंदीचे खरे काम इथून सुरू होते.

नोंद फक्त माणसाची नसते, जागेचीही असते. आगीच्या विम्याचे सरकारी दरपत्रक 1 जानेवारी 2007 पासून गेले आणि दर खुले झाले. 2019 मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने काही औद्योगिक वर्गांसाठी अट घातली की माहिती ब्युरोने काढलेल्या दरापेक्षा कमी दराने विमा दिला तर पुनर्विम्याचे संरक्षण मिळणार नाही. हा दर काढतात कसा? त्या प्रकारच्या जागांवर मागच्या वर्षांत किती क्लेम द्यावे लागले त्यावरून. म्हणजे एखाद्या कारखान्याने आयुष्यात एकही क्लेम केला नसला, तरी त्याच्यासारख्या इतरांच्या आगीचा हिशोब त्याच्या हप्त्यात धरला जातो. उद्योगाच्या बाबतीत हे एका अर्थी समजण्यासारखे आहे. रसायनाचा साठा करून नफा कमावणाऱ्याने रसायनाच्या धोक्याची किंमत मोजली पाहिजे. पण त्या कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्याचे काय? त्याने धोका निर्माण केलेला नाही, त्यातून नफाही कमावलेला नाही. तरीही अर्जावर शेजारी काय आहे हे लिहावे लागते, आणि कारखान्याच्या आगीत आपले घर पोळले म्हणून क्लेम केला की ती नोंद कारखान्याच्या नव्हे, आपल्या पॉलिसीच्या इतिहासात जाते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी तर हे अधिक नीट समजून घ्यायला हवे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा विमा संस्थेने उतरवायचा असतो. पॉलिसी एकच असते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शॉर्टसर्किट झाले आणि क्लेम घेतला, तर नोंद सगळ्या इमारतीची होते. सिडकोच्या काळातल्या जुन्या इमारतींमध्ये गळती, स्लॅबचे तुकडे पडणे हे रोजचे आहे. तिथे कमिटीचे सदस्य वार्षिक सभेत "छोट्या गोष्टीचा क्लेम नको, पुढच्या वर्षी हप्ता वाढेल" असे सांगतात. हप्ता भरायचा आणि क्लेम करायला घाबरायचे, असा हा उलटा विमा झाला आहे.

परदेशात असे काही नाही असे कोणी समजू नये. अमेरिकेत क्लू नावाची नोंद ठेवली जाते. लेक्सिसनेक्सिस ही कंपनी ती चालवते. घराचा सात वर्षांपर्यंतचा क्लेमचा इतिहास त्यात राहतो, आधीच्या मालकाने केलेले क्लेमसुद्धा. त्यामुळे नवीन घर घेणाऱ्याला दुसऱ्याच्या गळक्या नळाची किंमत मोजावी लागते अशा तक्रारी तिथेही आहेत. फरक एका गोष्टीत आहे. तिथल्या कायद्याने घरमालकाला वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागता येतो आणि चूक असेल तर हरकत घेता येते. आपल्याकडे कर्जाच्या बाबतीत हे झाले आहे. 2005 च्या कायद्याने पतमाहिती कंपन्या नियमाखाली आल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे वर्षातून एक क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल स्कोअर काय असतो हे आज आपल्या वस्तीतल्या रिक्षावाल्या दादालाही ठाऊक आहे. घराच्या क्लेमचा तसा अहवाल घरमालकाच्या हाती देणारी सोय मात्र नाही. आपल्याबद्दलची फाईल आहे, ती वाचण्याचा रस्ता नाही.

आकडे तटस्थ असतात असे आपल्याला शिकवले जाते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही एक नाव वाचले होते, फ्रेडरिक हॉफमन. प्रुडेन्शियल या अमेरिकी विमा कंपनीचा हा संख्याशास्त्रज्ञ. 1896 मध्ये त्याने मृत्यूचे आकडे मांडून असा निष्कर्ष काढला की कृष्णवर्णीयांचा विमा उतरवणे परवडणारे नाही, कारण दोष त्यांच्या वंशातच आहे. घाणेरड्या वस्त्या, उपासमार, डॉक्टरांचा अभाव यांनी झालेले मृत्यू त्याने रक्ताच्या खात्यावर टाकले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाची चिरफाड केली. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले होते. आज पावण्यात कोणी जात विचारून हप्ता ठरवतो असे आमचे म्हणणे नाही. पण एमआयडीसीच्या कुंपणाला, डोंगरातून येणाऱ्या नाल्याच्या काठाला, हायटेन्शनच्या तारांखाली कोण राहतो? 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर गाव सोडून आलेले कोण होते? धोक्याचा नकाशा आणि जातीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले, तर पिनकोडवर ठरणारा हप्ता किती तटस्थ आहे ते कळते.

आणि हे सगळे ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांचे. पावणे गावठाणात प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरे वर्षानुवर्षे नियमित होण्याची वाट पाहत आहेत. एमआयडीसीच्या जमिनीवरच्या वस्त्यांत घरपट्टी आणि वीजबिल हाच पुरावा. अशा घराचा विमा मागायला गेले की आधी कागद विचारतात आणि बोलणे तिथेच संपते. म्हणजे एकाची नोंद त्याच्या विरोधात जाते आणि दुसऱ्याची नोंदच होत नाही. बरे, सरकारी मदत तरी मिळावी. आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत सपाट भागातले पक्के घर पूर्ण नष्ट झाले तर 1,20,000 रुपये आणि झोपडीसाठी 8,000 रुपये आहेत. पण घराच्या मदतीला बांधकाम अधिकृत असल्याच्या दाखल्याची अट आहे. कागदाची भिंत इथेही उभीच.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा अशी मांडणी केली होती. आपण त्या पुस्तिकेतले शेतीचे राष्ट्रीयीकरण लक्षात ठेवतो, विम्याचे कलम विसरतो. त्यामागचा विचार असा दिसतो की सगळे आत असले की धोका सगळ्यांत वाटला जातो. निवडून-निवडून विमा दिला, तर ज्याला धोका कमी त्याला स्वस्त आणि ज्याला धोका जास्त त्याला महाग किंवा नाहीच. 1956 मध्ये आयुर्विमा सरकारकडे आला, 1973 पासून सर्वसाधारण विमाही आला, 107 कंपन्यांच्या चार झाल्या. 1999 च्या कायद्यानंतर दारे पुन्हा खासगी कंपन्यांना उघडली. त्या चारही सरकारी कंपन्या आजही आहेत: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. सरकारी आहेत म्हणजे माहिती अधिकाराच्या कक्षेत आहेत, आणि याचा उपयोग आपण करत नाही.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की इथून सुरुवात करा. आपली पॉलिसी सरकारी कंपनीची असेल, तर 10 रुपयांच्या अर्जावर आपल्याच फाईलची प्रत मागता येते: सर्व्हेअरचा अहवाल, क्लेम कमी मंजूर केल्याची किंवा नाकारल्याची टिपणे, नूतनीकरणाचा हप्ता वाढवल्याचे कारण. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. खासगी कंपनी असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, मग विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे जातात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो प्रत्यक्षात येईल तेव्हा विम्याच्या फाईलवर वापरून पाहणारे पहिले अर्ज आपल्या वस्त्यांतून जायला हवेत. क्रेडिट रिपोर्टसारखा क्लेम रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळावा आणि शेजारच्या कारखान्यामुळे झालेला क्लेम घरमालकाच्या इतिहासात वेगळा, दोषरहित दाखवावा, या दोन मागण्या निवेदनात घालण्यासारख्या आहेत.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांच्यासाठी एक कायदा आहे. भोपाळनंतर आलेला 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा घेतलाच पाहिजे आणि अपघात झाला तर बाहेरच्या लोकांना, कोणाची चूक हे सिद्ध न करता, मदत मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी 25,000 आणि खासगी मालमत्तेच्या नुकसानीसाठी कमाल 6,000 रुपये होते. रक्कम पाहून राग येणे साहजिक आहे. पण ही मदत घेतली म्हणून दुसऱ्या कायद्याने जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. शिवाय या अर्जामुळे नोंद कारखान्याच्या नावावर होते, आपल्या नावावर नाही, आणि आमच्या मते पैशांपेक्षा हे महत्त्वाचे आहे. कायद्यानुसार अपघात लक्षात येताच जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः पडताळणी करून, जाहिरात देऊन अर्ज मागवायचे असतात. पावण्यापुरते बोलायचे तर ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी.

अर्ज नुकसान झालेल्या मालमत्तेच्या मालकाने करायचा असतो. सोबत अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा, तारखेचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या जोडाव्यात. पंचनामा झाला नसेल तर तसे लेखी कळवून पोच घ्यावी. घटनेपासून पाच वर्षांनंतर अर्ज घेतला जात नाही. मे 2022 च्या आगीत ज्यांच्या घराचे नुकसान झाले, त्यांची मुदत मे 2027 मध्ये संपते.