विश्लेषण : अपघात पाहून छातीत धस्स होते, तरी गाडी का थांबत नाही?

छत्रपती संभाजीनगरहून चौका घाटमार्गे फुलंब्रीकडे आणि पुढे सिल्लोड, अजिंठ्याकडे जाणारा महामार्ग सदैव वाहता असतो. अशा रस्त्याच्या कडेला एखादी दुचाकी आडवी पडलेली दिसली की पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तरीही एखादाच गाडी बाजूला घेतो. बाकीचे वेग कमी करतात, पाहतात, हळहळतात आणि निघून जातात. हळहळ खरी असते, मग मदत का होत नाही? माणुसकी आटली म्हणून, असे सोपे उत्तर आपण देतो. संशोधन मात्र वेगळे सांगते.

दुसऱ्याची वेदना पाहून शरीरात काय होते?

हृदयाचे ठोके बदलतात, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. मेंदूविज्ञानाच्या संशोधक टानिया सिंगर यांनी २००४ मध्ये जोडप्यांवर एक प्रयोग केला. जोडीदाराला वेदना होत आहे एवढे कळल्यावरही, स्वतःला वेदना होताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांपैकी काही भाग जागे झाले. म्हणजे ‘बघवत नाही’ हे नुसते बोलणे नाही. ती शरीराची अवस्था आहे.

मग सगळेच का थांबत नाहीत?

कारण या अवस्थेतून दोन वाटा फुटतात. एक ‘त्याला काय होत असेल?’ या काळजीची, दुसरी ‘मला हे सहन होत नाही’ या अस्वस्थतेची. डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हा फरक तपासला. समोरच्या व्यक्तीला विजेचे झटके बसत असल्याचे सहभागींना दाखवले. निघून जाणे सोपे होते तेव्हा केवळ अस्वस्थ झालेल्यांपैकी बरेच जण निघून गेले. ज्यांना तिची काळजी वाटली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी उरलेले झटके स्वतः घेण्याची तयारी दाखवली.

नॅन्सी आयझेनबर्ग यांच्या अभ्यासांत याची शारीरिक खूणही दिसली. दुसऱ्याचे दुःख पाहताना ज्यांच्या हृदयाची गती किंचित मंदावली, म्हणजे लक्ष समोरच्याकडे वळले, ते मदतीकडे अधिक झुकले. घाम आणि धडधड खूप वाढली तर माणूस आधी स्वतःलाच सावरू पाहतो. रस्त्यावर यातली दुसरी वाट फार सोपी असते, ॲक्सिलरेटर दाबला की झाले.

गर्दीचा आणि ‘आपला-परका’चा काय परिणाम होतो?

१९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर एका व्यक्तीला झटका आल्याचे ऐकवले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटलेल्यांपैकी ८५ टक्के तातडीने मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. ‘कोणीतरी फोन केला असेल’ हे वाक्य इथूनच येते.

२०१० मध्ये फुटबॉलप्रेमींवर झालेल्या अभ्यासात आपल्या संघाच्या चाहत्याची वेदना पाहून मेंदूचा प्रतिसाद अधिक तीव्र होता आणि मदतही त्यालाच जास्त मिळाली. आपल्याकडे संघाच्या जागी गाव, जात किंवा ओळख ठेवून पाहा. सहानुभूती नैसर्गिक असली तरी निःपक्षपाती नसते.

वांगणीत काय घडले होते?

१७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईसोबत चालणारे मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावले आणि मुलाला वर ढकलून स्वतः जेमतेम वर आले. आपल्याही जिवाला धोका आहे, हा विचार क्षणभर आल्याचे त्यांनी नंतर सांगितले. रेल्वेने दिलेल्या ५० हजारांतील निम्मी रक्कम त्यांनी त्या मायलेकांना देऊ केली. त्यांना भीती वाटली होती, तरी लक्ष मुलावरून हटले नाही. शिवाय रेल्वेत काम करणाऱ्याला रूळ, फलाट आणि गाडीचा वेग ओळखीचे असतात. काय करायचे हे ठाऊक असलेला माणूस गोठत नाही.

पोलिसांची भीती कितपत खरी?

‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांपैकी ८८ टक्क्यांना पोलीस चौकशी आणि कायद्याच्या कटकटीची भीती होती. तेव्हा ती निराधार नव्हती. आता चित्र बदलले आहे :

• मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली.
• मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार, सद्‌भावनेने मदत करताना जखमीला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.
• २०२० च्या नियमांनुसार नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार होणे ऐच्छिक आहे.
• गंभीर जखमीला पहिल्या तासात, म्हणजे ‘गोल्डन अवर’मध्ये, रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे.

कायदा बदलला, पण तो ढाब्यावर, रिक्षा थांब्यावर आणि बाजारात पोहोचला का, हा खरा प्रश्न आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक रस्ते अपघातांत दगावले. फुलंब्रीजवळच्या गंभीर जखमीला अनेकदा शहरातील घाटी रुग्णालयापर्यंत न्यावे लागते. त्या अंतरात आधीच वाया गेलेली दहा मिनिटे फार महाग पडतात.

आपण काय करावे?

• गाडी सुरक्षित बाजूला लावा, इंडिकेटर सुरू ठेवा. १०८ किंवा ११२ वर फोन करून गावाचे नाव आणि जवळची खूण सांगा.
• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मान वाकवू नका, पाणी पाजू नका.
• गर्दीला उद्देशून ओरडू नका. ‘लाल शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन करा, ताई, तुम्ही गाड्या थांबवा,’ असे एकेकाला सांगा.

काळीज सगळ्यांचेच धडधडते. मात्र काय करायचे हे ठाऊक असले आणि चौकशीची भीती नसली, तर तीच धडधड गाडी थांबवायला लावते. म्हणून बक्षिसाच्या घोषणेइतकेच, गावागावांत प्रथमोपचाराचे धडे देणे आणि कलम १३४ अ चा फलक लावणेही गरजेचे आहे.