राजा बहुजन होता, मग मुमताज कोण होती?



ऐरोलीच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बावला खून खटल्याचा विषय निघाला आणि एक तरुण कार्यकर्ता चिडलाच. "होळकर आपले बहुजन राजे. त्यांची बदनामी आपणच कशाला उकरून काढायची?" त्याचा राग आम्हाला समजतो, पण मुद्दा पटत नाही.

प्रकरण थोडक्यात असे. मुमताज बेगम ही नाचगाण्यावर जगणाऱ्या घरातली मुलगी, इंदूरच्या दरबारात तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याकडे होती. तिला तिथे राहायचे नव्हते. प्रवासात दिल्लीला तिने पुढे जायला नकार दिला आणि शेवटी ती मुंबईत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याकडे आली. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवली गेली. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजचा चेहरा चिरला. तिला पळवून नेणारच होते, पण तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले.

नऊ जणांवर खटला चालला. त्यांतले बरेचजण इंदूर संस्थानाच्या नोकरीतले. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. आणि महाराज? सरकारने चौकशी आयोग किंवा गादी सोडणे, असे दोन पर्याय ठेवले. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी मुलासाठी गादी सोडली, चौकशी टळली. हुकूम कोणाचा होता, हे कोर्टात कधी ठरलेच नाही. नोकरांना फास आणि मालकाला निवृत्ती, ही इंग्रजांची समता! (संस्थानिक त्यांना हवेच होते, हेही विसरू नये.)

याच तुकोजीरावांनी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्योद्धाराच्या कामाला देणगी दिली होती. ते खरे आहे आणि आम्ही ते सांगतोच. पण देणगी राजाच्या मर्जीवर मिळते. मुमताजला हवा होता तो हक्क, निघून जाण्याचा. त्या मागणीपुढे राजाची जात कोणती, याने काय फरक पडतो? जातीने बहुजन असलेला राजाही बाईला मालमत्ता समजू शकतो. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल इशारा दिला, तो फक्त सवर्ण नेत्यांसाठी नव्हता.

शंभर वर्षांनीही हा खटला मेलेल्या पुरुषाच्या नावाने ओळखला जातो. चेहऱ्यावर वार घेऊन जी कोर्टात उभी राहिली, बोलली, तिचे नाव आमच्या वर्गात त्या दिवशी दोघांनाच माहीत होते. त्या चिडलेल्या मित्रालाही नव्हते. पुढच्या रविवारी तिची साक्ष त्यानेच वाचून दाखवायची, असे ठरले आहे.