हाताची विद्या

विद्वानांचे संमेलन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. व्यासपीठ, समई, हारतुरे, अध्यक्षांचे लांबलेले भाषण आणि भोजनाच्या वेळेकडे लागलेले श्रोत्यांचे लक्ष! कान, नाक व घसा यांच्या शल्यचिकित्सकांच्या एका अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका एका परिचित डॉक्टरांनी आम्हांस वाचावयास दिली. समई व हारतुरे तिच्यातही होते. परंतु पत्रिकेचा मोठा भाग ज्या गोष्टींनी व्यापलेला होता, त्या पाहून पेशाने शिक्षक असलेल्या आमचे कुतूहल जागे झाले. हे अधिवेशन म्हणजे चक्क एक शाळाच होती.

या तज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे नियतकालिक 1949 पासून निघते आहे. संघटनेचे अधिवेशन दरवर्षी निरनिराळ्या शहरी भरते, तसेच राज्य शाखांचेही भरते. तेथे शोधनिबंध वाचले जातात, परिसंवाद होतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजूषा रंगतात. कोणी अनुभवी शल्यविशारद एकच विषय घेऊन तासाभराचा पाठ देतो आणि समोर बाकावर बसलेले, स्वतः दहा-वीस वर्षे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वहीत टिपणे काढतात. मुख्य अधिवेशनाच्या आधी बहुधा कार्यशाळा असते. तिच्यात जे शिकवले जाते, ते मात्र वहीत उतरवून घेता येत नाही. ते हातातच उतरवावे लागते.

कानशिलाचे हाड ही निसर्गाची विलक्षण कारागिरी आहे. ऐकण्याचे यंत्र व तोल सांभाळण्याचे यंत्र ही दोन्ही त्याच्या पोटात दडलेली आहेत. रिकिबीच्या आकाराचे, जेमतेम तिळाएवढे, शरीरातील सर्वांत लहान हाड तेथेच असते. चेहऱ्याच्या स्नायूंना चालविणारी नस याच हाडातून वळणे घेत जाते. वरच्या बाजूस मेंदूचे आवरण आणि मागे मोठी रक्तवाहिनी. कान जुनाट फुटलेला असला आणि रोग हाडात शिरला असला, तर शल्यचिकित्सकाला या दाटीतून वाट काढीत जावे लागते. हात केसभर चुकला, तर रोग्याचे तोंड वाकडे होते आणि डोळा मिटेनासा होतो. पुस्तकातील आकृती कितीही सुबक असली, तरी ती सपाट असते. हाड सपाट नसते.

म्हणून कार्यशाळेत प्रत्येक शिकणाऱ्यापुढे मृत मानवाच्या कानशिलाचे हाड पकडीत घट्ट बसवून ठेवलेले असते. डोळ्यांशी सूक्ष्मदर्शक, एका हातात वेगाने फिरणारे कोरणीचे यंत्र आणि दुसऱ्या हातात पाणी व भुगा ओढून घेणारी नळी. पाण्याची धार सतत हवी, कारण घर्षणाने तापलेले हाड आतील नसेला भाजू शकते. शेजारी उभा असलेला गुरू फार बोलत नाही. 'थांबा', 'हलक्या हाताने', 'आता येथे नस येईल' एवढेच सांगतो. नसेच्या जवळ पोहोचल्यावर धारदार टोक काढून हिऱ्याची कणी बसविलेले टोक लावतात, हे वाचून आम्हां सुरतकरांना आपल्या गावाची आठवण झाल्यावाचून कशी राहील? घंटीवर बसणाऱ्या नवशिक्या कारागिराच्या हाती पहिल्याच दिवशी मोलाचा हिरा कोणी देत नाही. मग मुलाचा कान तरी कसा द्यावा?

हा विचार आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे हस्ताभ्यास या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा. शीर वेधण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा कापडावर व मऊ चामड्यावर, अशी तेथील शिकवण आहे. सर्व शास्त्र मुखोद्गत असूनही ज्याने हा अभ्यास केलेला नाही, तो कर्माला अपात्र, असा निर्वाळा सुश्रुताने दिला आहे. याच ग्रंथात तुटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार वर्णिलेले आहेत.

पाहून शिकण्याचे एक उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांकडील कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळावरील कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही क्रिया दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली आणि 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचा सचित्र वृत्तांत छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने मृतदेहांवर सराव केला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुण्याच्या त्या वैद्याचे नाव त्या वृत्तांतात नाही. पण विद्या त्याच्या हातून निघून समुद्रापार गेली.

आजच्या अधिवेशनात तज्ज्ञाची शस्त्रक्रिया पडद्यावर थेट दाखवितात आणि सभागृहातील श्रोते त्याला मध्येच प्रश्न विचारतात. येथे मात्र आमचे मन थोडे कचरते. टेबलावर निजलेला मनुष्य हा पाठ नव्हे, तो रोगी आहे. 2023 मध्ये अशा प्रक्षेपणांविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने केंद्र शासन व राष्ट्रीय वैद्यकीय आयोग यांना नोटीस काढली. टाळ्यांच्या अपेक्षेने चालणारा हात आणि रोग्याच्या काळजीने चालणारा हात यांतील अंतर शिक्षकाला सहज कळते; तपासनीस मागे बसलेला असतानाचा पाठ आणि एरवीचा पाठ आम्ही दोन्ही पाहिले आहेत. दुसरेही एक दुखणे आमच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुण अशा शिक्षणातून मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. परंतु हजेरीपत्रकावर सही करून मागील दाराने निघून जाणारे शिक्षक आम्ही प्रशिक्षणवर्गांत पाहिले आहेत. डॉक्टरांत असे कोणीच नसतील, असे कसे म्हणावे? हाताची विद्या मात्र सहीने मिळत नाही.

आता वाचकहो, ज्या हाडावर हे सारे शिक्षण चालते ते कोणाचे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. 1949 साली जुन्या मुंबई राज्याने कायदा करून बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. याचा अर्थ असा की ज्याच्या जिवंतपणी कोणी विचारपूस केली नाही, असा कोणी अनामिक आमच्या डॉक्टरांचा पहिला गुरू झाला. कान वाहणारी मुले आमच्या प्रत्येक वर्गात असतात. लूमच्या खडखडाटात दिवस काढून घरी मोठ्याने बोलणारे त्यांचे वडीलही आम्ही पाहतो. यांच्या कानांवर उपचार करणारा हात तयार व्हावा, ही आपणां सर्वांची गरज आहे. मग त्याची किंमत केवळ बेवारसांनीच का मोजावी?

प्लास्टिकची कृत्रिम हाडे आता निघाली आहेत आणि संगणकावरही सराव करता येतो. ही साधने उपयोगी आहेत; तरी खऱ्या हाडाची जागा ती पूर्णपणे घेऊ शकलेली नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग देहदान स्वीकारतात. आपल्या सुरतेत 1964 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, महानगरपालिकेचेही आहे. नेत्रदान केल्यावरही देहदान करता येते. इच्छा कागदावर लिहिली तरी अखेरचा शब्द घरच्यांचा असतो. म्हणून ही गोष्ट मुलांशी, सुनांशी, भावंडांशी आधीच बोलून ठेवावी. दुःखाच्या घटकेला तो विषय कोणालाच काढवत नाही.

देवांच्या वज्रासाठी दधीचीने आपली हाडे दिली, ही कथा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. एखाद्या मुलाला वर्गातील फळ्याजवळचे बोलणे शेवटच्या बाकावर ऐकू यावे, यासाठी मागितले जाणारे दान त्याहून फारच लहान आहे. घरात या विषयावर एकदा बोलणे व्हावे, एवढीच आमची विनंती.